एक शिळा, लाख साडेसात्या

शनिशिंगणापूर म्हटलं की बहुतेकांना दारं नसलेली घरं आठवतात. नेवासा तालुक्यातलं हे गाव (जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) टीव्हीवरच्या 'अजब गजब' छाप कार्यक्रमांमधून आपल्याला त्याच एका गोष्टीसाठी माहीत असतं. मला मात्र गेले काही दिवस तिथली वेगळीच गोष्ट छळते आहे. (शनीचा विषय आहे म्हटल्यावर छळणं आलंच.)

साडेसाती ज्याची त्याची असते. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं मुक्काम करतो. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास मिळून झाली साडेसात वर्षं. म्हणजे कुठल्याही क्षणी बारापैकी तीन राशींची मंडळी साडेसातीत असतात. आमच्या टीममध्ये अप्रेझलच्या महिन्यात हे प्रमाण बरंच वाढतं, पण ते असो. मुद्दा असा की तुमची साडेसाती तुमची आणि माझी माझी. तिची सुरुवात, शेवट, नवस, उतारा सगळं खासगी. शिंगणापूरची शिळा मात्र एकच. उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नसलेली, साधारण साडेपाच फुटांची काळी शिळा. शनी अमावास्येला लाखो लोक आपापली साडेसाती घेऊन त्या एकाच दगडाकडे येतात.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर साडेसाती हा प्रत्येक युजरचा स्वतंत्र डेटा आणि शिळा हे सगळ्यांचं मिळून एकच रेकॉर्ड. तिथे कुणी काही केलं की ते सगळ्यांसाठी होतं. आणि हाच तो प्रश्न आहे ज्याच्याशी ऑनलाईन गेम्स बनवणारे लोक गेली पंचेचाळीसहून जास्त वर्षं झगडताहेत. हजारो माणसं एकाच जगात खेळत असतील तर एकट्या माणसाच्या करणीचं काय करायचं? त्याने ड्रॅगन मारला तर ड्रॅगन सगळ्यांसाठी मेला का? तसं असेल तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्याने काय करायचं? आणि मेला नसेल, तर याने मारला म्हणजे नक्की काय केलं?

पहिलं उत्तर अगदी साधं होतं. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने 'मड' हा गेम लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो पूर्ण केला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. खजिने शोधायचे, ते दलदलीत टाकायचे, त्याचे पॉइंट्स मिळवायचे आणि पुरेसे पॉइंट्स झाले की 'विझार्ड' व्हायचं. खजिने संपत आले की जग रीसेट! सगळे खजिने परत आपापल्या जागी. तुमचे पॉइंट्स तेवढे टिकायचे. म्हणजे माणूस पुढे जातो आणि जग तिथेच राहतं. आजचे बहुसंख्य ऑनलाईन गेम्स अजून याच तडजोडीवर चालतात, फक्त ग्राफिक्स बदललेत.

यानंतरचा मोठा प्रयोग शिंगणापूरच्या फार जवळ जातो. १९८६ च्या सुमारास लुकासफिल्मने कमोडोर ६४ कॉम्प्युटरवर 'हॅबिटॅट' नावाचं जग उभं केलं. त्यात लोक घरात राहायचे, गप्पा मारायचे, वस्तू विकत घ्यायचे. आणि अर्थातच चोऱ्या करायचे. एखादी वस्तू खाली ठेवली की दुसरा उचलून पसार. हत्यारं होती, त्यामुळे लुटालूटही होती. मग तिथल्या रहिवाशांमध्ये जोरदार वाद झाला की हे जग कुणाचं आणि यात गुन्हा कशाला म्हणायचं. एका खेळाडूने, जो खऱ्या आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होता, तिथे चक्क एक चर्च काढलं. नाव 'ऑर्डर ऑफ द होली वॉलनट', म्हणजे पवित्र अक्रोडाचा पंथ. या पंथात आलेल्याने हत्यार बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, हाणामारी करायची नाही. शेवटी बनवणाऱ्यांनी शहराच्या हद्दीत चोरी आणि हिंसा बंद करून टाकली आणि बाहेरचं रान मोकळं ठेवलं.

चोरी थांबवायचे हे दोन मार्ग नीट पाहा. एक म्हणजे प्रोग्रॅममध्येच चोरी अशक्य करायची. दुसरा म्हणजे चोरी शक्य ठेवायची, पण करू नये असं लोकांना वाटायला लावायचं. शिंगणापूर दुसऱ्या मार्गावरचं गाव आहे.

गावात सांगतात ती गोष्ट थोडक्यात अशी. पानसनाल्याला पूर आला आणि त्यात ही शिळा वाहत आली. गुराख्याने काठी टोचली तर तिच्यातून रक्त आलं. रात्री स्वप्नात दृष्टांत झाला. शिळा कुणालाच हलेना, मामा-भाच्यांनी हात लावला तेव्हा हलली. आपल्याला छप्पर नको, आकाश हेच छप्पर, असं देवाने सांगितलं. आणि मी राखण करतो म्हटल्यावर दारांची गरज काय? म्हणून घरांना चौकटी आहेत आणि दारं नाहीत. कुणी पडदा लावतं, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून कुणी फळी आडवी लावतं.

ही व्यवस्था जोवर गाव लहान होतं आणि सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर चालणं फार कठीण नव्हतं. नव्वदच्या दशकात टी-सीरीजच्या 'सूर्यपुत्र शनिदेव'नंतर देशभरातून लोक यायला लागले. जगात नवे खेळाडू आले, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला जुने नियम माहीत असतील किंवा पटतील असं नव्हतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तर इथे येऊन चोरी करून दाखवण्याची मोहीमच जाहीर केली होती. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात :) २०१० मध्ये एका भाविकाने गाडीतून रोकड आणि चीजवस्तू गेल्याची तक्रार दिली. २०११ मध्ये सोन्याच्या दागिन्यांची तक्रार झाली. त्याच वर्षी जानेवारीत युको बँकेने इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली. देशातली अशी पहिली म्हणून तिचं बरंच कौतुक झालं. प्रत्यक्षात तिला काचेचं दार होतं, आणि रिमोटवर चालणारं, सहज डोळ्यात न येणारं विजेचं कुलूपही होतं अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या. पोलीस ठाणं आलं ते सप्टेंबर २०१५ मध्ये. मला या बँकेचं कुलूप फार आवडतं. गावाची समजूत मोडायची नाही आणि रिझर्व्ह बँकेलाही उत्तर द्यायचं, यातून निघालेली ती अस्सल इंजिनीअरिंगची पळवाट आहे.

नेमकी दारं आणि किल्ल्या यांवरूनच 'अल्टिमा ऑनलाईन'चं जग कोसळायला आलं होतं. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये आलेला हा गेम. हजारो लोक एका जगात, स्वतःचं घर बांधता येतं, घराला किल्ली असते, आणि ती किल्ली चोरता येते! वाटेत तुम्हाला मारून किल्ली घेतली की अख्खं घर साफ. बनवणाऱ्यांना वाटलं होतं, खेळाडू मिळून कायदा-सुव्यवस्था आणतील. खेळाडूंनी मिळून टोळ्या आणल्या. गेम बाजारात यायच्या आधीच, ८ ऑगस्ट १९९७ ला, गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट आपल्या 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला आला. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि राजाला अमरत्व देणारी सेटिंग परत चालू करायची राहून गेली होती. 'रेंझ' नावाच्या खेळाडूने चोरलेल्या मंत्राने आग लावली आणि राजा गेला. ज्याच्यासाठी हे जग होतं तोच त्या जगातल्या एका भुरट्याच्या हातून मेला. रेंझला चाचणीतून काढून टाकलं. पण आज त्या गेममधली लोकांना आठवणारी गोष्ट कुठली विचाराल तर हीच.

याच गेममधला आणखी एक प्रयोग कमी लोकांना माहीत आहे. राफ कोस्टर आणि त्याच्या टीमने एक जिवंत जंगल रचलं होतं. गवत, गवतावर ससे, सशांवर लांडगे. सशांची संख्या कमी झाली की लांडगे भुकेने गावाकडे येणार वगैरे. खेळाडू आले आणि जे जे हलतं ते मारत सुटले. ससा मारणाऱ्या कुणाचाच जंगल संपवायचा इरादा नव्हता. प्रत्येकाने आपापला ससा मारला इतकंच. शेवटी ते प्रकरण काढून टाकावं लागलं.

आता शिळेकडे या. एक भाविक, एक छोटी बाटली तेल. त्याच्या एकट्याच्या तेलाने साडेपाच फुटी दगडाला काय होणार? पण लाखो बाटल्या, वर्षानुवर्षं, आणि तेल कुठल्या प्रतीचं ते कोण बघतंय? शेवटी शिळेची झीज होते आहे म्हणून १ मार्च २०२५ पासून भेसळीचं सुटं तेल बंद करून ब्रँडेड तेलानेच अभिषेक करायचा असा निर्णय घ्यावा लागला. प्रत्येकाचा खासगी नवस सामायिक दगडात असा मोजता येतो. इथे रीसेट नाही. झिजलेला दगड परत भरत नाही.

अल्टिमावाल्यांनी २००० साली जगाच्या दोन प्रती केल्या. एकीचं नाव फेलुका, जिथे जुने नियम, म्हणजे खून आणि लूट चालू. दुसरी ट्रॅमेल, अगदी तसाच नकाशा, पण तिथे दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याला इजा करता येत नाही. अपेक्षेप्रमाणे बहुतेक लोक ट्रॅमेलला राहायला गेले. जुने खेळाडू अजून म्हणतात की त्या दिवशी गेम संपला. मला दोघांचंही पटतं. रोज लुटलं जायला कोण पैसे भरेल? पण ज्या जगात कुणी तुमचं काही बिघडवू शकत नाही, तिथे तुम्ही तरी कुणाचं काय घडवू शकता?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'एव्हरक्वेस्ट'मधलं. १९९९ चा गेम. त्यात केराफर्म नावाचा एक ड्रॅगन थडग्यात झोपलेला होता, चार पहारेकऱ्यांच्या मध्ये. पहारेकरी मारले की तो जागा होणार, दिसेल त्याला मारत सुटणार आणि निघून जाणार. हे प्रत्येक सर्व्हरवर फक्त एकदाच घडणार होतं. तो मरावा अशी कंपनीची योजनाच नव्हती. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये रॅलोस झेक नावाच्या सर्व्हरवर एकमेकांच्या जिवावर उठलेल्या तीन टोळ्या एकत्र आल्या. जवळजवळ दोनशे माणसं. मरायचं, साथीदाराने उठवायचं, परत मारायला जायचं, असं तीन-चार तास. ड्रॅगनची ताकद २७ टक्क्यांवर आली आणि तो अचानक नाहीसा झाला. कंपनीच्या माणसाने तो काढून घेतला होता!

खेळाडूंचा संताप काय झाला असेल कल्पना करा. कंपनीने तांत्रिक शंकेचं कारण दिलं, मग माफी मागितली आणि ड्रॅगन परत दिला. दुसऱ्या दिवशी त्या मंडळींनी त्याला मारला. मेल्यावर त्याच्याकडून मिळालं काय? काहीही नाही. तो मरणारच नाही असं गृहीत धरल्यामुळे त्याच्यासाठी बक्षीसच ठेवलेलं नव्हतं. कुणाची त्याबद्दल तक्रार असल्याचं मी वाचलेलं नाही.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे २८ नोव्हेंबर २०१५.

त्या शनिवारी शिंगणापूरला एक तरुण स्त्री दर्शनाच्या रांगेतून पुढे आली, चौथऱ्यावर चढली, शनीला नमस्कार केला आणि गर्दीत मिसळून गेली. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही ही तिथली परंपरा होती. या परंपरेविरुद्ध आधी आंदोलनं झालेली होती, २००० साली दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू त्यात होते, प्रकरण हायकोर्टातही गेलं होतं. पण हिने कुठलंही निवेदन दिलं नाही, घोषणा केली नाही. दुसऱ्या दिवशी देवस्थानाने ड्युटीवरच्या सुरक्षारक्षकांना निलंबित केलं आणि शिळेला दुधाने अभिषेक करून शुद्धीकरण केलं. गाव बंद ठेवून निषेधही झाला.

याला रोलबॅक म्हणतात. एका युजरने न व्हावी अशी एंट्री केली, आदल्या दिवसाचा बॅकअप चढवा. दुधाच्या अभिषेकाचा अर्थ नेमका तोच होता की जे झालं ते झालंच नाही असं धरा. आता इथे गावकऱ्यांना नुसतं खलनायक करणं मला जमत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाराशिवाय झोपायचं ते केवळ शिळेच्या भरवशावर, त्यांच्यासाठी त्या शिळेचा नियम मोडणं म्हणजे घराचा पाया हलणं होतं. त्यांचंही त्या जगात बरंच काही अडकलेलं होतं. पण रोलबॅकने एक गोष्ट उघड केली. एका बाईच्या नमस्काराने सगळ्यांची शिळा बदलते, हे तिने नाही, देवस्थानानेच जाहीर केलं. काहीच झालं नसतं तर शुद्धीकरण कशाला लागलं असतं?

मग घटना भराभर घडल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला, अनिता शेटे, निवडून आल्या आणि त्यांनीही परंपरेचीच बाजू घेतली. २६ जानेवारीला तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडच्या शेकडो बायका पुण्याहून निघाल्या. त्यांना पोलिसांनी वाटेत सुप्यालाच अडवलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक हायकोर्टात गेल्या. कोर्टाने विचारलं, जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवणारा कायदा कुठला? असा कायदा नव्हताच. उलट प्रवेश नाकारणाऱ्याला शिक्षा सांगणारा १९५६ चा कायदा होता. १ एप्रिलला कोर्टाने सरकारला तो अमलात आणायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी देसाई शिंगणापूरला पोचल्या तर गावकऱ्यांनी अडवलं.

यावर देवस्थानाकडे जो तोडगा होता तो कुठल्याही गेम कंपनीला शोभला असता. बायकांना देत नाही तर पुरुषांनाही नाही! चौथरा सगळ्यांनाच बंद. समानता झाली की नाही?

हे मोडलं ते देसाईंनी नाही आणि कोर्टानेही नाही. ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. पाडव्याला गोदावरीचं पाणी आणून शिळेला घालायची गावच्या पुरुषांची जुनी रीत. सुमारे अडीचशे पुरुष पाण्याचे कलश घेऊन आले आणि बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले. परंपरा जपायला चढले होते, आणि त्यामुळेच परंपरा संपली. कारण आता पुरुष चढले तर बायकांना अडवणं म्हणजे थेट कोर्टाचा अवमान. त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांसाठी खुला केला. दुपारनंतर बायका वर गेल्या, संध्याकाळी तृप्ती देसाईही गेल्या. वर वेगळं काय मिळालं? तीच शिळा, तेच तेल. केराफर्मसारखंच, बक्षीस ठेवलेलंच नव्हतं.

गेम्सनी मात्र असले प्रसंग येऊच नयेत अशी सोय करून घेतली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २००६ च्या जानेवारीत एकदा शेवटची मजा केली होती. सगळ्या सर्व्हरने मिळून लढाईचं सामान जमवायचं आणि मग एका खेळाडूने घंटा वाजवून आन'किराजचे दरवाजे उघडायचे, सर्व्हरच्या आयुष्यात एकदाच. त्या गर्दीत सर्व्हर अक्षरशः कोलमडले. २००८ पासून त्यांनी 'फेझिंग' मोठ्या प्रमाणावर आणलं. म्हणजे तुम्ही गाव वाचवलंत की तुम्हाला ते गाव वाचलेलं दिसणार. शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या मित्राने अजून ते काम केलेलं नसेल तर त्याला तेच गाव जळताना दिसणार. प्रत्येक जण नायक, प्रत्येकाचं जग बदललेलं, आणि सामायिक जगात काहीच बदललेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या सुंदर काम आहे, यात वाद नाही. पण मला विचाराल तर ही ज्याच्या त्याच्या साडेसातीची सोय झाली, शिळेची नाही.

शिंगणापूरला फेझिंग करता येत नाही. परंपरावाद्यांसाठी बायका न चढलेला चौथरा आणि बाकीच्यांसाठी खुला चौथरा, अशा दोन प्रती तिथे ठेवता आल्या नसत्या, म्हणून तर एवढं भांडण झालं आणि म्हणूनच त्याचा निकालही लागला.

प्रती काढायचा धंदा तिथेही कुणाला तरी सुचलाच. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत देवस्थानाच्या नावाने चालणाऱ्या बनावट अ‍ॅप्सची माहिती दिली. घरबसल्या ऑनलाईन पूजा, अभिषेक, रांग नाही, गर्दी नाही, पैसे भरा की तुमच्या नावाने झालं. प्रकरण सायबर पोलिसांकडे गेलं.